माळ्यावर वीज नेताना

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांतील जुन्या घरांची बांधणी मुख्यतः सागाचे किंवा ऐनाचे खांब, मातीच्या जाड भिंती आणि कवेलूंचे उतरते छप्पर अशी असते, आणि तुळयांवर फळ्या किंवा बांबूच्या ताट्या अंथरून, त्यांवर मातीचा लेप देऊन तयार केलेला माळा हा त्या बांधणीचा अविभाज्य भाग असतो. धानाचे बियाणे, वाळवलेली मोहफुले, गुरांसाठी राखलेली तणस, जुनी अवजारे आणि रिकामी पोती यांची ती जागा असल्यामुळे तेथे पूर्वी विजेची गरज फारशी भासत नव्हती. आता कित्येक घरांवर कवेलूंच्या जागी पत्रे आले आहेत, कुटुंबे वाढली तरी घर तेवढेच राहिले आहे, आणि माळा हा मुलांच्या अभ्यासाचा, पावसाळ्यात निजण्याचा, वाय-फायचा राउटर किंवा डिशचे यंत्र ठेवण्याचा कोपरा झाला आहे. तेव्हा तेथे एखादे सॉकेट असावे, ही अपेक्षा रास्तच म्हटली पाहिजे.

ही गरज बहुतेक घरांत ज्या पद्धतीने भागवली जाते, ती मात्र धोक्याची आहे. खालच्या खोलीतील एखाद्या सॉकेटमधून दोन तारांची लवचिक वायर काढून ती शिडीच्या कडेने तुळईवर चढवली जाते, माळ्यावरच्या खिळ्याला एक्स्टेन्शन बोर्ड टांगला जातो, आणि चार दिवसांची म्हणून केलेली ही सोय वर्षानुवर्षे तशीच राहते. अशा वायरीत अर्थिंगची तिसरी तार बहुधा नसते, तिचा छेद लहान असतो, ती लाकडावर घासली जाते, तणशीखाली झाकली जाते, आणि खालच्या सॉकेटवर मूळचा जो भार असतो त्यात वरच्या पंख्याचा आणि इस्त्रीचा भार मिसळतो. त्यामुळे माळ्यावर कायमचे सॉकेट बसवण्याचा निर्णय हाच मुळात सुरक्षिततेकडे टाकलेले पाऊल आहे. तथापि त्या सॉकेटची सुरक्षितता माळ्यावर ठरत नाही. ती खालच्या मुख्य बोर्डात आणि अंगणातल्या मातीत ठरते, आणि या दोन जिल्ह्यांच्या हवामानात व घरबांधणीत तसे का होते, हे समजून घेणे आवश्यक आहे.

पहिला प्रश्न उष्णतेचा आहे. तारेतून विद्युत्प्रवाह वाहू लागला की तारेच्या रोधामुळे, म्हणजे प्रवाहाला होणाऱ्या अडथळ्यामुळे, ती तापते. ही उष्णता भोवतालच्या हवेत निघून गेली पाहिजे, अन्यथा तारेवरचे पीव्हीसीचे आवरण हळूहळू कडक होऊन तडकते. घरगुती तारांवरचे हे आवरण साधारणपणे ७० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेले असते, आणि तारेची प्रवाहक्षमता सांगणारे आंतरराष्ट्रीय तक्ते भोवतालची हवा ३० अंशांची आहे असे धरून केलेले असतात. चंद्रपुरात मे महिन्यात सावलीतील तापमान ४५ अंशांच्या पुढे जाणे नित्याचे आहे, आणि तळपत्या पत्र्याखालच्या बंदिस्त माळ्यावर, विशेषतः पत्र्याला लगटून, हवा त्याहून कितीतरी अधिक तापते. त्या तक्त्यांनुसार भोवतालची हवा ५० अंशांची असेल तर पीव्हीसी तारेची क्षमता मूळ आकड्याच्या ०.७१ पट आणि ६० अंशांची असेल तर केवळ निम्मी धरावी लागते.

या आकड्यांचा व्यवहारातील अर्थ मोठा आहे. भिंतीवरील नळीतून नेलेली २.५ चौरस मिलिमीटर छेदाची तांब्याची तार, जिला कारागीर ‘अडीच एमएम’ म्हणतात, ३० अंशांना सुमारे २४ अँपिअर प्रवाह सहज वाहू देते. म्हणून १६ अँपिअरच्या सॉकेटसाठी ती तार आणि तिच्या मागे १६ अँपिअरचा एमसीबी, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपेक्षा अधिक प्रवाह गेला की आपोआप खाली पडणारा स्विच, ही जोडी सर्वत्र योग्य मानली जाते. तीच तार ६० अंशांच्या हवेत सुमारे १२ अँपिअरच पेलू शकते. एमसीबी मात्र खाली थंड खोलीत असतो, तो १६ अँपिअरपर्यंत स्वस्थ राहतो, आणि त्याच्या दृष्टीने सर्व काही ठीक असताना वरची तार आपल्या मर्यादेपलीकडे तापत राहते. यावर दोन उपाय आहेत: एकतर वर जाणारी तार ४ चौरस मिलिमीटरची घ्यावी, जिची ३० अंशांची ३२ अँपिअरची क्षमता ६० अंशांना निम्मी होऊनही १६ अँपिअर उरते, किंवा दिवा, पंखा, चार्जर आणि संगणक एवढाच भार असेल तर अडीचचीच तार ठेवून तिच्यामागे १० अँपिअरचा एमसीबी बसवावा. माळ्यासाठी बहुतेक घरांना दुसरा उपाय पुरेसा आहे, कारण हीटर किंवा इस्त्री यांसारखी तापणारी उपकरणे लाकूड आणि तणस यांच्या सहवासात वापरणे योग्य नाही. तारेची नळी पत्र्याला किंवा कवेलूंच्या बत्त्यांना लगटून न नेता शक्य तितकी खालून, भिंतीच्या पायाशी नेली तर हा प्रश्न अर्धा सुटतो. आणि तणशीचा ढीग नळीवर कधीही येऊ देऊ नये, कारण तणस उष्णता बाहेर जाऊ देत नाही.

दुसरा प्रश्न अर्थिंगचा असून तो अधिक गंभीर आहे. अर्थिंग म्हणजे उपकरणाचे धातूचे अंग तारेने जमिनीशी जोडणे. उपकरणातील फेजची, म्हणजे जिवंत दाबाची, तार सुटून त्या अंगाला टेकली तर प्रवाहाला माणसाच्या शरीराऐवजी जमिनीत जाण्याचा सोपा मार्ग मिळावा आणि तो मोठा प्रवाह पाहून फ्यूज किंवा एमसीबी तुटावा, ही त्यामागची कल्पना आहे. यासाठी अंगणात खड्डा घेऊन जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी नळ किंवा पट्टी पुरतात आणि भोवती कोळसा व मीठ भरतात. माती ओली असते तोपर्यंत ती प्रवाहाला वाट देते. सुकली की तिचा रोध झपाट्याने वाढतो. या दोन जिल्ह्यांत धानाला पोसणारा पाऊस जून ते सप्टेंबर भरपूर पडतो, पण त्यानंतरचे सात-आठ महिने जमीन सुकत जाते, आणि ज्या एप्रिल-मे महिन्यांत कूलर रात्रंदिवस चालतो त्याच महिन्यांत अर्थिंग सर्वांत दुबळे असते.

एक उदाहरण घेऊ. उन्हाळ्यात घराच्या अर्थिंगचा रोध २० ओहम आणि गावातील रोहित्राच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या, अर्थिंगचा ५ ओहम आहे असे धरले, तर २३० व्होल्टच्या दाबाने जमिनीतून परत जाणारा प्रवाह २३० भागिले २५, म्हणजे सुमारे ९ अँपिअर होतो. हा प्रवाह १६ अँपिअरच्या एमसीबीला जाणवतही नाही. दरम्यान त्या उपकरणाच्या पत्र्याच्या अंगावर ९ गुणिले २०, म्हणजे १८० व्होल्टच्या आसपास दाब उभा राहतो, आणि ओल्या पायांनी त्याला हात लावणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते. विदर्भात पाण्याची टाकी, पाण्यात बुडालेला पंप आणि पत्र्याचे अंग असलेल्या कूलरमुळे दर उन्हाळ्यात होणारे अपघात अनेकदा याच कारणाने घडतात, आणि घरात अर्थिंग आहे एवढ्यावर विसंबून राहणे का पुरेसे नाही, हेही यावरून स्पष्ट होते. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात नियमितपणे पाणी ओतण्याची जुनी पद्धत चांगली आहे आणि ती टिकवली पाहिजे, परंतु तिच्या जोडीला दुसरे रक्षण हवेच.

ते रक्षण म्हणजे आरसीसीबी, ज्याला बाजारात अजूनही अनेक जण ईएलसीबी म्हणतात. फेजमधून जितका प्रवाह गेला तितकाच न्यूट्रलमधून, म्हणजे परतीच्या तारेतून, परत आला की नाही, याची हे उपकरण सतत तुलना करते. दोन्हींत ३० मिलिअँपिअरचा, म्हणजे एका अँपिअरच्या शंभराव्या भागाच्या तिपटीइतका, फरक आढळला तर तो प्रवाह कोठेतरी जमिनीत किंवा कोणाच्या तरी शरीरातून जात आहे असे मानून सेकंदाच्या लहानशा अंशात वीज तोडते. माणसाच्या शरीरातून १० मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह गेला की स्नायू आखडून हातातील वस्तू सोडवेनाशी होते, आणि ५० ते १०० मिलिअँपिअर प्रवाह हृदयाची लय बिघडवू शकतो. ३० हा आकडा या दोन मर्यादांच्या मध्ये विचारपूर्वक ठेवलेला आहे. सुकलेल्या मातीमुळे अर्थिंगचा रोध काहीशे ओहम झाला तरी हे उपकरण काम करते, आणि म्हणूनच या प्रदेशात ते चैनीची वस्तू ठरत नाही. माळ्याच्या सॉकेटपेक्षा त्याची खरेदी आधी झाली पाहिजे. मात्र त्याच्या मर्यादाही लक्षात ठेवाव्यात. एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरणाऱ्या माणसाला ते वाचवू शकत नाही, कारण त्या वेळी गेलेला प्रवाह पूर्णपणे परत येत असतो. आणि साधा आरसीसीबी जास्त भारापासून तारेचे रक्षण करत नाही, त्यासाठी एमसीबी वेगळा लागतो किंवा दोन्ही कामे एकत्र करणारा आरसीबीओ घ्यावा लागतो. जुन्या घरात आरसीसीबी बसवल्यावर तो वारंवार पडू लागला की ‘वस्तू खराब निघाली’ असे म्हणून तो काढून टाकण्याची प्रवृत्ती दिसते. वास्तविक तेव्हा ओल आलेला एखादा जोड, किंवा दोन वेगळ्या ओळींत, म्हणजे सर्किटांत, वाटून घेतलेली एकच न्यूट्रल, असा जुना दोष त्याने उघड केलेला असतो, आणि तो दोष शोधणे हेच पुढचे काम असते.

एमसीबी आणि आरसीसीबी या दोघांनाही न दिसणारा एक धोका उरतो, तो ढिल्या जोडाचा. सॉकेटच्या स्क्रूखाली तार नीट दाबली गेली नसेल आणि तेथे अर्ध्या ओहमचा रोध उत्पन्न झाला, तर १० अँपिअर प्रवाहाला त्या एका बिंदूवर ५० वॅट उष्णता निर्माण होते. प्रवाह मर्यादेतच असतो, तो पूर्णपणे परतही येत असतो, त्यामुळे कोणतेही रक्षक उपकरण हलत नाही, पण प्लास्टिक वितळते आणि शेजारी तणस किंवा मोहाची पोती असतील तर आग लागायला वेळ लागत नाही. म्हणूनच माळ्यावर जाणारी तार मुख्य बोर्डापासून सॉकेटपर्यंत अखंड असावी, मधे कोठेही केवळ टेप गुंडाळून जोड देऊ नये, आणि सॉकेटची पेटी धातूची असून ती अर्थला जोडलेली असावी. जुन्या घरांतील पट्टीवरच्या वायरिंगमध्ये ॲल्युमिनियमच्या तारा आढळतात. त्यांना तांब्याची नवी तार पिळून जोडली तर दोन धातूंच्या संयोगाने, विशेषतः पावसाळी दमटपणात, जोड गंजतो आणि त्याचा रोध वाढत जातो. अशा घरात जुन्या पॉइंटवरून माळ्याची तार काढण्याचा मोह टाळून थेट मीटरजवळच्या बोर्डापासून स्वतंत्र ओळ ओढणे, हाच खात्रीचा मार्ग आहे. जेथे अद्याप चिनीमातीचे कटआउट आहेत आणि फ्यूजच्या जागी हाताला लागेल ती जाड तार बांधलेली आहे, तेथे आधी तो बोर्ड बदलावा आणि मगच माळ्याचा विचार करावा.

तारेचा मार्ग ठरवताना या प्रदेशातील घराचे स्वरूप पुन्हा आडवे येते. धान आणि मोहफुले यांच्या मागे उंदीर येतात आणि ते पीव्हीसीचे आवरण कुरतडतात. लाकडी केसिंग-पट्टीला वाळवी लागते. माकडे कवेलू सरकवतात आणि पहिल्याच सरीला पाणी नेमके त्या ठिकाणी गळते. यामुळे माळ्यावरच्या भागात जाड लोखंडी नळी सर्वांत टिकाऊ ठरते, मात्र ती सलग असून अर्थला जोडलेली असणे अनिवार्य आहे, नाहीतर आतली तार सोलली गेल्यावर ती नळीच जिवंत होते; हे शक्य नसेल तर जाड भिंतीची पीव्हीसी नळी घेऊन तिची टोके पेटीत घट्ट बसवावीत, जेणेकरून उंदराला आत शिरता येणार नाही. मातीच्या भिंतीत झिरी पाडून तार गाडण्यापेक्षा नळी भिंतीवरून उघडी नेणे बरे, कारण माती ओल शोषते, दरवर्षी नव्याने सारवली जाते, आणि आत गाडलेल्या तारेवर पुढे कधी खिळा ठोकला जाईल हे सांगता येत नाही. सॉकेट भिंतीवर किंवा खांबावर, तणशीच्या व धान्याच्या जागेपासून दूर आणि छप्पर गळण्याच्या रेषेबाहेर असावे. लहान मुले तेथे बसणार असतील तर प्लग घातल्यावरच उघडणारी आतली झडप असलेले, आयएसआय चिन्हाचे तीन पिनांचे सॉकेट निवडावे. प्रत्येक सॉकेटला स्वतंत्र स्विच असावा आणि तो फेजच्या तारेवर असावा, न्यूट्रलवर नव्हे. दिव्यासाठी जुना शंभर वॅटचा पिवळा बल्ब वापरू नये, कारण त्याची काच कोरडी तणस करपवण्याइतकी तापते. एलईडी दिवा येथे केवळ काटकसरीसाठी नव्हे, तर आगीपासून बचाव म्हणूनही योग्य आहे.

हे काम कोणी करावे, याबाबत कायदा स्पष्ट आहे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांपासून केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आजच्या सुरक्षाविषयक विनियमांपर्यंत हेच तत्त्व चालत आले आहे की दिवा, पंखा, फ्यूज किंवा स्विच यांसारखा भाग बदलणे वगळता, घरातील वीजमांडणीत भर घालणे अथवा फेरफार करणे हे काम अनुज्ञाप्तीधारक विद्युत ठेकेदाराकडून आणि पात्र व्यक्तीच्या देखरेखीखाली व्हावे. नवे सॉकेट आणि त्याची नवी ओळ ही भर आहे. आयटीआयमधून वीजतंत्री किंवा तारतंत्री हा अभ्यासक्रम पूर्ण केलेले तरुण आता तालुक्याच्या गावांत भेटतात, आणि ज्याच्याकडे परवाना आहे अशाला काम देऊन त्याच्याकडून चाचणी करून घेण्याचा आग्रह घरमालकाने धरला पाहिजे. चाचणी म्हणजे काम झाल्यावर दिवा लावून पाहणे नव्हे. मेगर नावाच्या यंत्राने ५०० व्होल्टचा दाब देऊन तारांमधील आवरणाचा रोध मोजावा लागतो आणि तो किमान एक मेगओहम, म्हणजे दहा लाख ओहम, भरला पाहिजे. अर्थची तार सॉकेटपर्यंत सलग पोहोचली आहे हे तपासावे लागते. आणि आरसीसीबीवरील ‘टी’ अक्षराचे बटण दाबून तो पडतो की नाही हे पाहावे लागते. हे शेवटचे काम नंतरही महिन्यातून एकदा घरातील कोणीही करावे. नव्या उपकरणांमुळे एकूण भार महावितरणने मंजूर केलेल्या भारापलीकडे जात असेल, तर तो वाढवून घेणेही आवश्यक असते.

काम सुरू असताना वीज बंद करण्याच्या बाबतीत एक नवा धोका गेल्या काही वर्षांत गावोगाव आला आहे, आणि त्याची पुरेशी जाणीव अजून झालेली नाही. घरात इन्व्हर्टर असेल तर मुख्य स्विच बंद केल्याबरोबर तो वीज गेली असे समजून बॅटरीवरून त्याच्या ओळींना २३० व्होल्टचा पुरवठा सुरू करतो, म्हणजे मेन स्विच खाली असूनही तारा जिवंत राहतात. त्यामुळे आधी इन्व्हर्टर बंद करून त्याचा प्लग काढावा, नंतर मेन स्विच बंद करावा, आणि त्यानंतरच प्रत्यक्ष तारेवर दाब नाही याची खात्री करावी. ही खात्री केवळ टेस्टरच्या लाल ठिपक्यावरून करू नये, कारण कोरड्या फळीवर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात तो ठिपका इतका मंद पेटतो की भर दुपारी दिसतही नाही. मल्टिमीटर किंवा आधी चालू सॉकेटवर तपासून घेतलेला टेस्ट-लॅम्प वापरावा. इन्व्हर्टरची बॅटरी माळ्यावर चढवण्याची कल्पनाही काही घरांत पुढे येते. तिच्यातून चार्जिंगच्या वेळी ज्वालाग्राही हायड्रोजन वायू बाहेर पडतो आणि उष्णतेने तिचे आयुष्य घटते, म्हणून ती खाली हवेशीर जागीच ठेवावी.

पूर्व विदर्भात मृगाच्या आधी आणि परतीच्या पावसात विजा मोठ्या प्रमाणावर कोसळतात. आरसीसीबी किंवा एमसीबी यांपैकी काहीही आकाशातील विजेला थोपवू शकत नाही. गडगडाट ऐकू येताच माळ्यावरील उपकरणांचे प्लग काढणे आणि पत्र्याखालून उतरून खाली येणे एवढेच हाती असते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे मोबाइल ॲप जवळपास वीज पडण्याची शक्यता असल्यास आगाऊ सूचना देते. मृगाआधीच्या याच दिवसांत छपराची शाकारणी होते तेव्हा माळ्यावरील नळ्या आणि पेट्या उघड्या पडलेल्याच असतात, त्यामुळे उंदरांनी काय कुरतडले, कोठे ओल उतरली आणि कोणता स्क्रू ढिला झाला हे पाहण्यास त्याहून चांगला मुहूर्त नाही.

भामरागड, एटापल्ली किंवा जिवतीसारख्या तालुक्यांतील आडवळणाच्या पाड्यांवर सौर पॅनेल आणि १२ व्होल्टची बॅटरी हा विजेचा आधार असतो, आणि तेथे माळ्यावर सॉकेट नेण्याचे नियम थोडे बदलतात. १२ व्होल्टचा धक्का बसत नाही म्हणून ही मांडणी निर्धोक मानली जाते, परंतु बॅटरीच्या दोन तारा एकमेकींना टेकल्या तर तिच्यातून शेकडो अँपिअर प्रवाह क्षणात वाहतो आणि बारीक तार लालबुंद होऊन लाकूड पेटवू शकते. म्हणून बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज बसवणे येथे सर्वांत महत्त्वाचे ठरते. दाब कमी असल्याने तेवढ्याच वॅटसाठी प्रवाह जवळजवळ वीसपट लागतो, त्यामुळे माळ्यापर्यंतची तार जाडच घ्यावी लागते. आणि या एकदिश प्रवाहाच्या ओळीवर नेहमीचे तीन पिनांचे सॉकेट बसवू नये, कारण उद्या पाड्यावर महावितरणची वीज आली की त्याच सॉकेटला कोणीतरी २३० व्होल्ट जोडेल, किंवा १२ व्होल्टचे उपकरण भलत्याच सॉकेटात घालेल. त्यासाठी वेगळ्या आकाराचे सॉकेट घेऊन त्यावर ठळक अक्षरांत दाब लिहून ठेवावा.